दही झालं 'राज्याचा खाऊ', पण शाळेच्या ताटात कुणाचं?

ताकभात (धागालेखक)

२०१४ साली न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटमध्ये दह्यावर पाऊण तास खल झाला. दुधाचा भाव, गोठ्यांचं कर्ज असला काही विषय नव्हता. 'योगर्ट हा राज्याचा अधिकृत खाऊ असावा' एवढंच विधेयक. बायरन-बर्गन शाळेतल्या चौथीच्या पोरांनी वर्गात सुचवलेलं आणि तिथल्या सिनेटरने मांडलेलं. मग याला खाऊ म्हणायचं का जेवण, ज्यांना दूध पचत नाही त्यांनी काय करायचं, असे प्रश्न निघाले. टीव्हीवाल्यांनी यथेच्छ टिंगल केली. ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी सही केली आणि कायदा झाला.

मी याच राज्यात राहते, त्यामुळे तेव्हा मीही पोटभर हसले. पण अलीकडे एका कामासाठी जुन्या बातम्या चाळताना एक गोष्ट दिसली, म्हणून हा धागा.

त्या टिंगलीच्या आदल्या वर्षी, २०१३ मध्ये, केंद्राच्या कृषी खात्याने शाळेच्या जेवणात ग्रीक योगर्ट देऊन बघायचं ठरवलं होतं. चार राज्यं निवडली: न्यूयॉर्क, आयडाहो, ॲरिझोना आणि टेनेसी. न्यूयॉर्कचे सिनेटर शूमर त्यासाठी हात धुऊन मागे लागले होते. निविदा निघाली आणि पुरवठ्याचं काम मिळालं चोबानी या योगर्ट कंपनीला. चोबानीचा कारखाना न्यूयॉर्कमध्ये, तुर्कस्तानातून आलेल्या हमदी उलुकाया यांनी २००५ मध्ये क्राफ्टचा बंद पडलेला प्लांट घेऊन उभा केलेला. दुसरा मोठा कारखाना कुठे? आयडाहोत, ट्विन फॉल्सला. चारातली दोन राज्यं अशी.

यात काळंबेरं होतं असं मी म्हणत नाही. निविदा रीतसर निघाली, रीतसर मिळाली. पण ग्रीक योगर्ट म्हणजे आपल्या चक्क्याचा धाकटा भाऊ, एक किलोला तीन-चार किलो दूध लागतं. म्हणजे शाळांनी ते घ्यायला सुरुवात केली की गोठ्यापर्यंत पैसा पोचतो. त्या खरेदीवर पाऊण तास कुणी बोललं नाही. चर्चा झाली ती ज्यात सरकारचा छदामही जाणार नव्हता त्या एका ओळीच्या कायद्यावर.

इथल्या राज्यांना या एका ओळीच्या कायद्यांचा नादच आहे. व्हरमाँटने १९९९ मध्ये ॲपल पायला राज्याचा पाय केलं आणि सोबत लिहून ठेवलं की तो वाढताना 'प्रामाणिक प्रयत्न' करून थंड दुधाचा ग्लास, किमान अर्धा औंस चेडर चीज किंवा व्हॅनिला आइस्क्रीमचा मोठा गोळा यातलं काहीतरी द्यावं. ओक्लाहोमाने तर १९८८ मध्ये अख्खं ताटच अधिकृत केलं. तळलेली भेंडी, कॉर्नब्रेड, बार्बेक्यू पोर्क, चिकन फ्राइड स्टेक, चवळी, शेवटी पीकन पाय. हे सगळं एका बैठकीत खाल्लं तर राज्याला अधिकृत अँब्युलन्सही जाहीर करावी लागेल.

आपल्याकडे शेकरू, हरियाल, ताम्हण, आंब्याचं झाड, ब्लू मॉरमॉन फुलपाखरू सगळं जाहीर झालंय. राज्याचा पदार्थ मात्र नाही. असावा का? आणि झालाच, तर सरकारी स्वयंपाकघरात तो येईल का, आणि आणला तर कुणाकडून? मला दुसऱ्या प्रश्नात जास्त रस आहे. पहिल्यावर लोक तुटून पडणार हे दिसतंयच.

चौकस_काका

पहिल्यावरच तुटून पडतो. पुरणपोळी. विषय संपला.

बखळ

@चौकस_काका, संपला कसा? सोबत दूध, तूप का कटाची आमटी? व्हरमाँटसारखं कलम घालायचं तर संयुक्त चिकित्सा समिती नेमावी लागेल. विदर्भातले सदस्य सभात्याग करतील, खान्देशातले मांडे घेऊन पायऱ्यांवर बसतील. मिसळीचं तर नावच काढू नका, कोल्हापूर-पुणे-नाशिक त्रिस्थळी यात्रा होईल.

केपकॉडकर

आमच्या मॅसेच्युसेट्सची यादी ऐका. १९७० ला क्रॅनबेरी ज्यूस, १९८६ ला कॉर्न मफिन, १९९३ ला नेव्ही बीन, १९९६ ला बॉस्टन क्रीम पाय, १९९७ ला चॉकलेट चिप कुकी. त्यानंतर डोनटही झाला. यातले बरेचसे प्रस्ताव शाळकरी मुलांचे. मुलांना विधेयक कसं मांडतात, समितीत काय होतं, सही कोण करतं हे समजावं म्हणून शिक्षक हा उद्योग करतात. माझ्या मुलीच्या वर्गानेही आमदाराला पत्रं लिहिली होती (पदार्थासाठी नाही, एका किड्यासाठी). धागालेखिका म्हणतात तसा हा वेळेचा अपव्यय आहे असं मला वाटत नाही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून जे कळत नाही ते दह्यातून कळत असेल तर पाऊण तास स्वस्तच.

ताकभात

अपव्यय म्हटलंच नाहीये हो मी. माझा मुद्दा एवढाच की त्याच पोरांना दुसऱ्या दिवशी शाळेच्या कँटीनची निविदाही दाखवा. तिथे खरं नागरिकशास्त्र आहे.

लासलगावी

नुसतं नाव दिलं की काही होत नाही हे खरं. पण नावामागे दात असलेला कायदा असला तर होतं. आमचा विषय कांदा, म्हणून जॉर्जियाचं उदाहरण देतो.

व्हिडालिया कांदा. १९३१ च्या आसपास टूम्ब्स काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) मोज कोलमन नावाच्या शेतकऱ्याच्या लक्षात आलं की आपला कांदा तिखट नाही, गोड लागतोय. तिथल्या रेताड जमिनीत गंधक कमी, कांद्याचा तिखटपणा गंधकातून येतो. नाव झालं तसे बाहेरचे कांदे व्हिडालियाच्या पोत्यात भरून विकले जायला लागले. १९८६ मध्ये राज्याने कायदा केला. १३ काउंट्या पूर्ण आणि ७ काउंट्यांचे काही भाग, एवढ्याच हद्दीत पिकलेल्या कांद्याला ते नाव. १९९० मध्ये तो राज्याची अधिकृत भाजी झाला. नंतर नावाचा ट्रेडमार्कही राज्याच्या कृषी खात्याने स्वतःकडे घेतला. नाव वापरायचं तर खात्याकडे नोंदणी करा, परवाना घ्या. खातं दरवर्षी तारीखसुद्धा ठरवतं, त्याआधी माल बाजारात पाठवायचा नाही. कोवळा कांदा घाईने काढून कुणी नाव खराब करू नये म्हणून. त्या तारखेविरुद्ध एक मोठा उत्पादक कोर्टात गेला होता, अपिलात खात्याची बाजू टिकली.

आता आमचं बघा. लासलगाव कांद्याला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला. कागद छान आहे. पण गोणीवर 'लासलगाव' छापून कुठलाही कांदा दिल्लीला गेला तर अडवायला कोण उभं आहे? हापूसला २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर, ठाणे, रायगड मिळून जीआय मिळाला, तरी दर एप्रिलला पेटीवर 'देवगड' आणि आत कर्नाटकी. भौगोलिक मानांकन शेतकरी संघाच्या नावावर असतं आणि लढायचं संघानेच. जॉर्जियात राज्य स्वतः लढतं. सगळा फरक तिथे आहे.

मांडवीतीर

गोंयकारांचं उदाहरण कुणी दिलं नाही म्हणून देतो. काजू फेणीला २००९ मध्ये जीआय मिळाला, पण अबकारी कायद्यात ती 'देशी दारू'च राहिली. त्या एका वर्गवारीमुळे राज्याबाहेर विकायला अडचण, मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये सावत्र वागणूक. २०१६ मध्ये गोव्याने अबकारी कायदा दुरुस्त करून फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला. म्हणजे इथे मानाचं नाव थेट परवान्याच्या खात्यात उतरलं.

उलटं उदाहरणही आमचंच. त्याच २०१६ मध्ये नारळ 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, म्हणजे तोडायला परवानगीची गरज उरली नाही. बोंबाबोंब झाली. निवडणुकीनंतर नवं सरकार आल्यावर २०१७ मध्ये तोच माड परत झाड झाला आणि वर राज्यवृक्षही. मानचिन्हाचा खरा उपयोग कधीकधी मलमासारखा.

(केरळने २०१८ ला फणसाला राज्यफळ केलं. तो आमच्या आज्जीच्या परसात आधीपासूनच राज्यफळ होता.)

निविदाकार

लासलगावीं चा प्रतिसाद उत्तम. आता दुसऱ्या प्रश्नाकडे. नोकरीची बरीच वर्षं खरेदीच्या फायली हलवण्यात गेली, म्हणून थोडं आतलं सांगतो.

सरकारी खरेदीत पदार्थाचं नाव काय, तो कुठल्या मातीतला, याला जागाच नाही. दोन लिफाफे असतात, तांत्रिक आणि आर्थिक. तांत्रिक लिफाफ्यात तुम्ही पात्र आहात का ते बघतात: मागच्या तीन वर्षांची उलाढाल, तसल्याच कामाचा अनुभव, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) परवाना, बयाणा रक्कम. त्यातून पार पडलात की दुसरा लिफाफा उघडायचा आणि ज्याचा देकार न्यूनतम त्याला काम. आमच्या भाषेत एल-वन. एल-वन सोडून दुसऱ्याला दिलं तर लेखापरीक्षणाचा आक्षेप लागलाच समजा, मग त्या अधिकाऱ्याची पेन्शन अडकते. म्हणून 'नाचणी गावातल्या गटाकडून घेऊ' असं मनातून वाटलं तरी कुणी पेन उचलत नाही.

खरा खेळ पात्रतेच्या अटींत असतो. उलाढालीची अट किती ठेवायची आणि एका निविदेत किती तालुके बांधायचे, या दोन गोष्टी ठरल्या की काम कुणाला जाणार हे जवळजवळ ठरलं. अंगणवाडीच्या पोषण आहाराचं हेच झालं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्येच सांगितलं होतं की अंगणवाडीच्या पुरवठ्यात ठेकेदार नकोत, गावातले समूह, बचत गट, महिला मंडळं यांना प्राधान्य द्या. तरी २०१६ मध्ये आपल्या राज्याने घरी न्यायच्या आहाराची निविदा काढली ती अनेक प्रकल्पांची मोट बांधून आणि छोट्या गटांना झेपणार नाहीत अशा अटी घालून. गट कोर्टात गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रक्रिया रद्द करून नव्याने निविदा काढायला सांगितलं.

आणि अटी बाजूला ठेवल्या तर काय होतं? २०१५ ची चिक्की आठवा. २०६ कोटींची खरेदी ई-निविदा न काढता दरकरारावर, बरेच शासन निर्णय एकाच दिवशी. केवढा गदारोळ झाला. पुढे लाचलुचपत विभागाने क्लीन चिट दिली, पण तेव्हापासून खात्यात कुणालाही विचारा, दरकरार शब्द काढला की लोक खुर्ची मागे सरकवतात.

चौकस_काका

राजकारण आणू नका राव, चांगला खाण्याचा धागा चाललाय.

बखळ

काका, चिक्की खाण्याचाच पदार्थ आहे.

जर्सीतला_जोशी

निविदाकार यांनी सांगितलेली अडचण अमेरिकेतही जशीच्या तशी होती. शाळेच्या जेवणाला केंद्राचा पैसा येतो आणि त्या पैशाचा नियम असा की स्पर्धा खुली पाहिजे, अमुक गावचा माल म्हणून प्राधान्य नको. म्हणजे व्हरमाँटच्या शाळेने 'सफरचंद व्हरमाँटचंच' असं निविदेत लिहिणं नियमाबाहेर. राज्याचा पाय आहे तर असू दे!

२००८ च्या फार्म बिलाने (केंद्राच्या शेतीविषयक कायद्याने) थोडं दार उघडलं. प्रक्रिया न केलेल्या किंवा अगदी कमी केलेल्या मालासाठी स्थानिक पुरवठादाराला गुणांकनात जास्तीचे गुण देता येऊ लागले. तरी 'स्थानिकच हवं' अशी अट टाकता येत नव्हती. ती जुलै २०२४ पासून टाकता येते. सोळा वर्षं लागली एका शब्दाला.

राज्याच्या स्वतःच्या पैशाची गोष्ट वेगळी. राज्य जेव्हा स्वतः खरेदी-विक्रीसाठी बाजारात उतरतं तेव्हा आपल्या लोकांना झुकतं माप देऊ शकतं, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये साउथ डकोटाच्या सिमेंट कारखान्याच्या खटल्यात मान्य केलंय. त्यामुळे बऱ्याच राज्यांत आपल्या बोलीदाराला काही टक्के सवलत असते. यावर शेजाऱ्यांची खुन्नसही कायद्यात आहे. तुमच्या राज्यात तुमच्या लोकांना पाच टक्के सवलत असेल, तर तुमचा माणूस आमच्याकडे आला की त्याच्या देकारात आम्ही पाच टक्के वाढवून धरणार.

ताकभात यांच्या न्यूयॉर्कने मात्र शहाणपणा केला. सक्ती न करता आमिष ठेवलं. शाळेने दुपारच्या जेवणाच्या खर्चातले किमान ३० टक्के न्यूयॉर्कच्या मालावर खर्च केले तर राज्य प्रत्येक जेवणामागे ५.९ सेंटऐवजी २५ सेंट देणार, अशी २०१८ च्या सुमाराची योजना. एका जेवणामागे १९ सेंट म्हणजे किरकोळ वाटतं, पण मोठ्या शाळा मंडळाला वर्षाला चांगली घसघशीत रक्कम होते. दूध तसंही राज्यातलंच येतं, त्यामुळे ३० टक्क्यांतला बराच वाटा दूध-दह्यानेच भरतो म्हणतात. तेव्हा ताकभात, दही मागच्या दाराने ताटात आलंच की!

ताकभात

@जर्सीतला_जोशी, हे ३० टक्क्यांचं मला मुख्य धाग्यात घालायला हवं होतं. मुलीच्या शाळेच्या मेनूवर एका कोपऱ्यात 'न्यूयॉर्क थर्स्डे' असं काहीतरी छापलेलं असायचं, त्यामागे हे गणित असणार.

मीठभाकर

सगळं वाचलं. एक उपविषय: कायद्यात कशाला काय म्हणतात यावर पैसा कसा फिरतो.

१८९३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टोमॅटो भाजी ठरवला, कारण बाहेरून येणाऱ्या भाजीवर दहा टक्के जकात होती आणि फळावर नव्हती. वनस्पतिशास्त्र काहीही म्हणो, लोक जेवणात खातात म्हणून भाजी. आर्कान्सासने १९८७ मध्ये वाद मिटवला: टोमॅटो राज्याचं फळही आणि भाजीही. ओक्लाहोमाने २००७ मध्ये कलिंगडाला राज्याची भाजी केलं, ते का हे त्यांनाच ठाऊक. इथवर गंमत.

२०११ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने ठरवलं की शाळेच्या पिझ्झ्यावरची टोमॅटो पेस्ट जेवढी आहे तेवढीच भाजी म्हणून मोजायची. तोवर दोन टेबलस्पून पेस्ट म्हणजे अर्धा कप भाजी धरत होते. नवा नियम आला असता तर पिझ्झ्यावर इतका सॉस ओतावा लागला असता की पोरांनी चमच्याने खाल्ला असता, आणि शाळांना पिझ्झा विकणाऱ्या कंपन्यांचं दुकान बसलं असतं. त्यातली एक मोठी कंपनी, श्वान (Schwan), मिनेसोटातली. अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) खर्चाच्या विधेयकात दोन ओळी घालून नियम अडवला. पेपरांनी मथळे दिले, 'पिझ्झा आता भाजी'.

त्या कलिंगडाने कुणाचं काही बिघडलं नाही. या दोन टेबलस्पूनांनी देशभरातल्या पोरांच्या ताटात काय पडणार ते ठरवलं. धागालेखिकेच्या मुद्द्याला अनुमोदन.

चुलीवरची

मी इथे फारसं लिहीत नाही, वाचते. पण निविदाकार यांनी बचत गटाचं काढलं म्हणून.

आमचा गट गावात अंगणवाडीला गरम आहार शिजवून देतो. सकाळी तांदूळ, डाळ निवडून ठेवायची, मटकी असेल तर आदल्या रात्री भिजत घालायची. खिचडी शिजली की सेविकाताई पहिला घास स्वतः चाखणार, वहीत सही करणार, मग पोरं. शिळं किंवा कच्चं गेलं तर संध्याकाळी पोराची आई दारात उभी, तिथे निविदेतली अट क्रमांक अमुक सांगून भागत नाही. हे ठेकेदाराला होत नाही, कारण त्याच्या दारात कुणी जाऊ शकत नाही.

मध्ये आम्हाला नाचणीचे लाडू द्यायचे होते. ओडिशात मिलेट मिशनमधून अंगणवाडीत नाचणीचे लाडू देतात असं एका प्रशिक्षणात सांगितलं होतं. आमच्याकडे नाचणी गावातच पिकते, गूळ शेजारच्या गुऱ्हाळातला. दर काढून दिला. कार्यालयातून उत्तर आलं की पाककृती मंजूर यादीत नाही आणि मोठ्या प्रमाणावर द्यायचं तर उलाढालीची अट आहे. उलाढाल कोटीत मागत होते, आमची सगळ्या जणींची मिळून लाखात. त्यात मागच्या आहाराचं बिल थकलेलं. किराणा दुकानदार उधारीवर डाळ देतो ती आमच्या तोंडाकडे बघून.

तुम्ही नाचणीला राज्याचं धान्य करा नाहीतर करू नका. २०१८ ला केंद्राने भरड धान्यांना 'पौष्टिक तृणधान्य' म्हणून राजपत्रात नाव दिलं, २०२३ ला जगाचं वर्ष साजरं झालं, तालुक्याला प्रदर्शन भरलं, आमच्या लाडवांसोबत साहेबांनी फोटो काढला. बिल मात्र वेळेवर काढा. नाव नको, बिल द्या.

बखळ

ताई, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा.

लासलगावी

@चुलीवरची, +१. एक विचारतो, पाककृती मंजूर यादीत घालायचा अधिकार कुठल्या पातळीवर आहे? जिल्हा का आयुक्तालय? ते कळलं तर पाठपुरावा करता येईल. आमच्या भागातले एक-दोन गट बाजरीच्या खिचडीसाठी हेच करताहेत.

केपकॉडकर

माझं मत थोडं हललंय, पण पूर्ण नाही. व्हिडालियाचा १९८६ चा कायदा आणि १९९० चं मानाचं नाव, दोन्ही एकाच विधिमंडळाने दिलं. नाव दिल्यामुळे आमदारांना त्या कांद्याची लाज राखावी लागते. आपल्याकडेही एखाद्या अधिवेशनात नाचणीवर पाऊण तास चर्चा झाली आणि कुणी उठून 'मग अंगणवाडीत का नाही?' असं विचारलं, तर ते उत्तर इतिवृत्तात येईल. तेवढ्यासाठी तरी विधेयक आणाच असं म्हणेन.

निविदाकार

@केपकॉडकर, इतिवृत्तात येईल आणि 'तपासून कारवाई करण्यात येईल' असं येईल. तो मसुदा मी स्वतः कैक वेळा टंकलाय.

@चुलीवरची, दोन कामाच्या गोष्टी. एक, 'उद्यम' नोंदणी केली नसेल तर करून घ्या, ऑनलाइन फुकट होते. केंद्राच्या २०१२ च्या सूक्ष्म व लघु उद्योग खरेदी धोरणात बयाणा रकमेतून सूट आहे, एकूण खरेदीतला २५ टक्के वाटा या उद्योगांकडून घ्यायचा आहे आणि त्यात महिलांच्या उद्योगांसाठी ३ टक्के वेगळे. हे केंद्राच्या खात्यांना आणि कंपन्यांना लागू आहे, अंगणवाडीला आपोआप नाही. पण तुमच्या जवळपास केंद्राच्या एखाद्या कारखान्याचं कँटीन असेल तर लाडू तिथे आधी दाखवा. तो अनुभवाचा दाखला मग इकडे जोडता येतो.

दोन, थकलेल्या बिलासाठी अर्ज करताना नुसतं 'बिल मिळाले नाही' लिहू नका. कुठल्या महिन्याचा आहार, सेविकेची सही असलेल्या नोंदवहीची प्रत, बिल सादर केल्याची पोच, सगळं लावा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पोच नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माहिती अधिकारात काय मागायचं ते लिहून देतो.

चुलीवरची

उद्यम नोंदणी आहे, गटाच्या नावाने नाही, अध्यक्षांच्या नावाने आहे. चालेल का? पोच आहे दोन बिलांची, तिसऱ्याची नाही. व्यनि करते.